साक्षीदार गेल्यावर वाचायचं कुणी?

दादर–चेन्नई एग्मोर एक्स्प्रेसमुळे ‘एग्मोर’ हे नाव मराठी प्रवाशांच्या तोंडी वर्षानुवर्षं बसलं आहे. पुणे, सोलापूर, वाडी, गुंतकल करत ही गाडी तिथे पोहोचायची तेव्हा समोर दिसायची १९०८ सालची लाल-पांढरी स्टेशनची इमारत. तिच्याशी नाव जोडलं गेलेल्या हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाचं आणखी काम पाहायचं, तर रिक्षाने थोडंसं अंतर जायचं आणि पँथिऑन रोडवर उतरायचं. सरकारी संग्रहालयाच्या आवारात जुनं म्युझियम थिएटर उभं आहे आणि त्याला लागून कॉनेमारा सार्वजनिक ग्रंथालय. जुन्या दालनात कोरीव लाकूडकाम, उंच कमानी, रंगीत काचा. ५ डिसेंबर १८९६ रोजी ते लोकांसाठी खुलं झालं.

या ग्रंथालयाचं आणि मराठी पुस्तकांचं एक कायदेशीर नातं आहे. १९५४च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार भारतात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने स्वखर्चाने ठरावीक ग्रंथालयांना पाठवायची असते. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि एग्मोरचं कॉनेमारा ही ती चार ठिकाणं. कायदा सगळेच प्रकाशक काटेकोरपणे पाळतात असं नाही. पण हिशेब साधा आहे. पुण्यात छापलेलं मराठी पुस्तक नियमाने एग्मोरला गेलं पाहिजे. मंगला निगुडकरांनी मराठीत आणलेली अ‍ॅन फ्रँकची डायरी असो, नाहीतर आउश्विट्झच्या नाझी छळछावणीतून वाचलेले मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांच्या पुस्तकाचा मराठी अनुवाद असो, त्यांच्यावर एग्मोरचा हक्क पोहोचतो.

तोच हक्क हिटलरच्या ‘माइन काम्फ’च्या मराठी भाषांतरावरही पोहोचतो. कायदा पुस्तकाचा मजकूर बघत नाही.

फडताळात ही पुस्तकं शेजारी शेजारी असली, तरी बाजारात चित्र निराळं आहे. भारतातल्या रेल्वे स्टेशनांवरचे बुकस्टॉल, फूटपाथवरच्या चादरी, विमानतळावरची दुकानं, कुठेही पाहा. व्यवस्थापनाच्या आणि यशाच्या गुरुकिल्ल्या सांगणाऱ्या पुस्तकांच्या रांगेत हिटलरचं आत्मकथन हमखास असतं. प्रस्तावना नाही, टीप नाही, इशारा नाही. जर्मनीत या पुस्तकाचे हक्क बव्हेरिया राज्याकडे होते. ते २०१५च्या अखेरीस संपले, तेव्हा म्युनिकच्या इतिहाससंस्थेने जानेवारी २०१६मध्ये दोन जाडजूड खंडांत त्याची चिकित्सक आवृत्ती काढली. त्यात सुमारे ३,५०० टिपा आहेत. हिटलर कुठे खोटं बोलतो, कुठून उसनं घेतो, त्याच्या वाक्याचं पुढे काय झालं, हे त्या टिपा पानोपानी सांगतात. आपल्याकडे तो मोकळाच फिरतो.

याचा एक मासला मराठी मुलखात २००६ साली दिसला. ऑगस्ट महिन्यात नवी मुंबईत, खारघरला ‘हिटलर्स क्रॉस’ नावाचं उपाहारगृह उघडलं. आत हिटलरचं मोठं चित्र, बाहेर स्वस्तिकाची खूण. मुंबईच्या ज्यू समाजाने निषेध केला, जगभरच्या वर्तमानपत्रांत बातम्या झळकल्या आणि काही दिवसांतच नाव बदललं गेलं. नाव ठेवणाऱ्यांचा ज्यूंवर काही राग होता, असं दिसलं नाही. लोकांच्या लक्षात राहील असं नाव हवं होतं, एवढंच. खरी अडचण तीच होती. ज्या माणसाच्या नावावर साठ लाख ज्यूंच्या हत्या आहेत, त्याचं नाव इथे फक्त लक्षात राहण्याजोगं वाटतं, अंगावर येत नाही.

त्याच वर्षाच्या जानेवारीत अमेरिकेत ओप्रा विन्फ्रीने आपल्या वाचकमंडळासाठी एक छोटं पुस्तक निवडलं होतं. छळछावणीतून वाचलेल्या एली वीझेल यांचं आत्मकथन, ‘नाइट’. पत्नी मॅरियन वीझेल यांनी केलेला नवा इंग्रजी अनुवाद तेव्हाच बाहेर पडला होता. पहिल्या प्रकाशनानंतर जवळजवळ अर्धशतकाने ते पुस्तक लाखोंनी खपू लागलं.

एली वीझेल यांचा जन्म ३० सप्टेंबर १९२८चा, रुमानियातल्या सिगेत या गावचा. वडील श्लोमो यांचं किराणा मालाचं दुकान. आई सारा, दोन मोठ्या बहिणी हिल्डा आणि बिया, धाकटी त्सिपोरा. घर हसिदी भक्तिपरंपरेतलं, आजोबांच्या तोंडी सतत गाणी आणि संतांच्या कथा. मुलगा तालमूद हा ज्यू धर्मग्रंथ शिकत होता आणि त्याहून गूढ असं काही शिकायची त्याला घाई झाली होती. १९४०मध्ये तो भाग हंगेरीकडे गेला. मार्च १९४४मध्ये जर्मन फौजा हंगेरीत शिरल्या. युरोपातलं युद्ध संपायला तेव्हा वर्षाहून थोडाच जास्त काळ उरला होता आणि रशियन सैन्य पश्चिमेकडे सरकत होतं, त्यामुळे आपण आता सुटलो असं सिगेतकरांना वाटत होतं. मे महिन्यात त्यांना गुरांच्या डब्यांत कोंबून आउश्विट्झला नेलं.

फलाटावरच पुरुष एकीकडे आणि बायका दुसरीकडे झाल्या. आई आणि सात वर्षांची त्सिपोरा त्याला तेव्हा शेवटच्या दिसल्या. मुलाच्या हातावर ए-७७१३ हा क्रमांक गोंदला गेला. पुढे बुना इथली वेठबिगारी, जानेवारी १९४५मधली बर्फातली जीवघेणी पायपीट, उघड्या मालडब्यांतून बुखेनवाल्डच्या छावणीपर्यंतचा प्रवास. तिथे काही दिवसांतच वडील गेले. ११ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन सैन्य छावणीत शिरलं, तेव्हा एली सोळा वर्षांचा होता.

‘नाइट’मध्ये या सगळ्याचं वर्णन आहे, पण वाचकाच्या मनात रुतून बसतात त्या वस्तू. छावणीत एकदा, कुणाला जगू द्यायचं आणि कुणाला मारायचं, याची निवड होते. वडिलांचं नाव मरणाऱ्यांच्या यादीत गेलं आहे, असं त्यांना वाटतं. मुलगा कामावर निघाला आहे, वेळ थोडा आहे. वडील त्याच्या हातात आपला चाकू आणि चमचा ठेवतात. दुकानदाराच्या घरातला सगळा वारसा तेवढाच उरलेला. मुलगा घ्यायला तयार नसतो, वडील आग्रह करतात. संध्याकाळी मुलगा परत येतो तेव्हा वडील जिवंत असतात, दुसऱ्या निवडीत सुटलेले. मुलगा चाकू-चमचा त्यांना परत देतो. वीझेल हे अगदी साधेपणाने सांगतात.

सुटकेनंतर बुखेनवाल्डमधल्या चारशेहून अधिक मुलांबरोबर तो फ्रान्सला गेला. वर्तमानपत्रातला त्याचा फोटो पाहून थोरल्या बहिणीला भाऊ जिवंत असल्याचं कळलं. बियाही वाचली होती. पॅरिसमध्ये सोरबोनला शिक्षण, पोटासाठी शिकवण्या, मग इस्रायली दैनिकाची बातमीदारी. छावणीबद्दल मात्र दहा वर्षं लिहायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

या गप्प राहण्याच्या काळातच, १९५२ साली, वीझेल भारतात आले. ज्यू, ख्रिस्ती आणि हिंदू परंपरांतल्या वैराग्याचा तौलनिक अभ्यास करून प्रबंध लिहायचा त्यांचा बेत होता. चोविशीच्या आतला पत्रकार, खिशात फारसे पैसे नाहीत, इंग्रजीही कामचलाऊ. इथे ते साधू-संन्याशांच्या शोधात फिरले. पण वैराग्याआधी त्यांना दारिद्र्य भेटलं, आणि त्या दारिद्र्याची सवय झालेली माणसं भेटली. दुःख हा पूर्वकर्माचा हिशेब आहे, हे उत्तर त्यांच्या गळी उतरणं शक्यच नव्हतं. आईच्या आणि त्सिपोराच्या वाट्याला आलेलं कोणत्या हिशेबात बसवायचं? प्रबंध कधीच पुरा झाला नाही. भारतातून आपण आपल्या परंपरेकडे अधिक घट्टपणे परतलो, असं त्यांनी पुढे आत्मचरित्रात नोंदवलं.

तिसऱ्याचं दुःख दिसूनही न दिसल्यासारखं करणं, हा त्यांच्या पुढच्या सगळ्या लेखनाचा आणि भाषणांचा विषय झाला. १२ एप्रिल १९९९ रोजी व्हाइट हाउसमध्ये, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्यासमोर, त्यांनी केलेलं भाषणही त्याच विषयावर होतं. त्याचं सगळं मूळ भारतात शोधणं चुकीचं ठरेल. ते मूळ सिगेतमध्ये आहे, जिथे डबे भरले जात असताना शेजारी खिडक्यांतून बघत होते. पण छळछावणीबाहेरच्या, युद्ध नसलेल्या, एरवीच्या जगातही माणूस माणसाला ओलांडून जातो, याचा एक धडा त्यांना आपल्या रस्त्यांवर मिळाला होता. हा धडा देणारे म्हणून तरी भारतीय वाचकाने ‘नाइट’ जरा सरसावून वाचायला हवं.

लिहायला सुरुवात झाली १९५४मध्ये, ब्राझीलला जाणाऱ्या बोटीवर. यिडिशमधलं हस्तलिखित ८६२ पानांचं झालं. १९५६मध्ये ब्वेनोस आइरेसमध्ये ते २४५ पानांत छापलं गेलं. दरम्यान १९५५मध्ये कॅथलिक कादंबरीकार फ्रान्स्वा मोरियाक यांची गाठ पडली आणि त्यांनी या तरुणाला फ्रेंचमध्ये लिहायला भरीला घातलं. १९५८ची फ्रेंच आवृत्ती १७८ पानांची होती. इंग्रजीत १९६०मध्ये आली तेव्हा लेखकाला शंभर डॉलर आगाऊ मिळाले आणि पहिल्या दीड वर्षात १,०४६ प्रती खपल्या. इतकं उदास पुस्तक कोण वाचणार, असं म्हणून त्याआधी अनेक प्रकाशकांनी ते परत पाठवलं होतं.

ही आकडेवारी आज आश्चर्याची वाटते. पण पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात तिचा अंदाज आहे. सिगेतच्या प्रार्थनामंदिरात मोशे नावाचा एक गरीब सेवेकरी असतो. परदेशी ज्यू म्हणून त्याला आधीच हद्दपार केलं जातं. काही महिन्यांनी तो लंगडत परततो आणि दारोदार जाऊन सांगू लागतो. आम्हाला जंगलात उतरवलं, खड्डे खणायला लावले, सगळ्यांना गोळ्या घातल्या. गाव ऐकून घेत नाही. याला सहानुभूती हवी आहे, याचं डोकं फिरलंय, असं लोक म्हणतात. साक्षीदार आहे, साक्ष आहे, ऐकणारा नाही. होलोकॉस्टवरच्या, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरच्या, या अतिशय प्रसिद्ध पुस्तकाची सुरुवात अशा न ऐकलेल्या साक्षीने होते.

वीझेल यांना पुढे सगळं मिळालं. १९७६पासून बोस्टन विद्यापीठात प्राध्यापकी, १९७८मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या होलोकॉस्ट आयोगाचं अध्यक्षपद, १९८६चं शांततेचं नोबेल, १९९३मध्ये वॉशिंग्टनचं स्मारक-संग्रहालय. सोव्हिएत ज्यू, कंबोडियाचे निर्वासित, बोस्निया, दारफूर यांच्यासाठी त्यांनी आवाज उठवला. टीकाही झाली, आणि ती हलकी नव्हती. जगभरच्या दुःखावर बोलणारा हा माणूस पॅलेस्टिनींच्या बाबतीत गप्प का, हा प्रश्न त्यांना शेवटपर्यंत विचारला गेला आणि विचारणाऱ्यांचं समाधान झालं नाही. आदरांजली वाहताना हा भाग गाळण्याची आपल्याकडे पद्धत आहे. वीझेल यांच्या बाबतीत तो गाळता येत नाही, कारण त्यांनीच इतरांना हाच प्रश्न आयुष्यभर विचारला.

२ जुलै २०१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये, ८७व्या वर्षी ते गेले. त्यानंतरची स्मरणं नाना तऱ्हांची होती. मॅनहॅटनमधल्या एका रस्त्याच्या कोपऱ्याला त्यांचं नाव मिळालं. वंशसंहार वेळीच ओळखून रोखण्यासंबंधीचा एक अमेरिकन कायदा जानेवारी २०१९मध्ये त्यांच्या नावाने झाला. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कॅथीड्रलमध्ये २०२१ साली त्यांचा चेहरा दगडात कोरला गेला.

या सगळ्यांत वेगळी ठरली ती २९ जानेवारी २०१७ची न्यूयॉर्कमधली सभा. म्युझियम ऑफ ज्यूइश हेरिटेजमध्ये यिडिश रंगभूमीच्या मंडळींबरोबर ‘नाइट’चं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जाहीर वाचन झालं. एकामागून एक माणसं उठायची, आपल्या वाट्याची पानं वाचायची आणि खाली बसायची. वाचणाऱ्यांत वीझेल यांचा मुलगा एलिशाही होता. पुस्तक लहान असल्याने चारेक तासांत ते आटोपतं. दोनच दिवसांपूर्वी, आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मृतिदिनीच, काही मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना आणि निर्वासितांना रोखणाऱ्या आदेशावर अमेरिकन राष्ट्राध्यक्षांनी सही केली होती. त्या रविवारी जवळच्याच बॅटरी पार्कमध्ये हजारो लोक त्याविरुद्ध जमले होते. आत १९४४ आणि बाहेर २०१७, अशी ती दुपार होती.

स्वतः न लिहिलेला, पण आपल्याला जपायचा आहे असा मजकूर सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचायचा, ही गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण बसतं तेव्हा ओवी कुणाच्या आवाजात आली याला महत्त्व नसतं, ती ऐकली जाण्याला असतं. ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातही तोरा या धर्मग्रंथाचा भाग दर आठवड्याला जाहीरपणे वाचला जातो, वर्षात संपतो आणि पुन्हा सुरू होतो. वीझेल त्याच शिस्तीत वाढले होते.

या दोन परंपरांची गाठ महाराष्ट्रात प्रत्यक्ष पडलेली आहे. कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्राएल ज्यू मंडळींनी १८८०च्या सुमारास मराठीत कीर्तनं सुरू केली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं, पण थाट सगळा हरदासी. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, टाळ-मृदंग. त्यासाठी कीर्तनोत्तेजक मंडळही स्थापन झालं. हिब्रू न कळणाऱ्या बायकामुलांपर्यंत आपला इतिहास पोहोचवायचा तर तो मराठीत आणि कानांवाटे पोहोचवला पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं. युरोपातल्या संहाराची झळ या समाजाला लागली नव्हती. इथे त्यांच्यावर कधी खिडक्यांमागून बघणारे शेजारी मिळण्याची वेळ आली नाही. खारघरच्या प्रकरणात मुंबईच्या ज्यूंनी आवाज उठवला, तो स्वतःवर ओढवलेल्या प्रसंगापायी नाही. दूरच्या नातलगांची साक्ष त्यांनी ऐकली होती, म्हणून.

उलट दिशेचा एक प्रवासही आहे. १८ जुलै १९४२ रोजी नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वॉर्सा घेट्टोतल्या एका अनाथाश्रमात मुलांनी रवींद्रनाथ टागोरांचं ‘डाकघर’ केलं. आश्रम चालवणारे यानुश कोर्चाक हे डॉक्टर आणि नामांकित बाललेखक. आजारी मुलगा खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहतो आणि शेवटी शांतपणे मृत्यूला सामोरा जातो, असं ते नाटक. मुलांना पुढच्या प्रसंगासाठी तयार करायचं म्हणून कोर्चाकनी ते निवडलं, असं मानलं जातं. तीन आठवडेही लोटले नाहीत, तोच कोर्चाक आणि सुमारे दोनशे मुलांना त्रेब्लिन्काच्या मृत्युछावणीत नेण्यात आलं. स्वतःची सुटका करून घेण्याची संधी त्यांनी नाकारली होती. बंगालीत लिहिलेला मजकूर पोलिश मुलांच्या तोंडी गेला आणि त्यांच्या शेवटच्या दिवसांत उपयोगी पडला. परक्याच्या मजकुराला आपला आवाज देणं म्हणजे काय, याचं याहून कठीण उदाहरण सापडणार नाही.

आता घाई आहे ती वयाची. नुकसानभरपाईचं काम पाहणाऱ्या क्लेम्स कॉन्फरन्स या संस्थेने जानेवारी २०२४मध्ये जगभरात सुमारे २,४५,००० वाचलेले ज्यू हयात असल्याचं सांगितलं. त्यांचं मध्यम वय ८६ होतं. म्हणजे आज हयात असलेले बहुतेक जण संहाराच्या काळात लहान मुलं होते. मोठेपणी छावणी पाहिलेली पिढी जवळजवळ संपली आहे. ‘नाइट’ला नवं इंग्रजी देणाऱ्या मॅरियन वीझेलही फेब्रुवारी २०२५मध्ये गेल्या. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९९४मध्ये सुरू केलेल्या संस्थेकडे पन्नास हजारांहून अधिक मुलाखती चित्रफितींवर आहेत. त्या अनमोल आहेत, पण त्या पाहायला माणूस एकटा बसतो. साक्ष ऐकणाराही पुढे साक्षीदार होतो, असं वीझेल म्हणत. त्यासाठी ऐकणाऱ्याला दहा जणांत बसून ऐकावं लागतं आणि आपली पाळी आली की तोंड उघडावं लागतं.

एग्मोरच्या म्युझियम थिएटरसारख्या जुन्या वास्तूत ध्वनिवर्धक येण्याआधीपासून माणसाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायची सोय केलेली असते. पण अशा वाचनाला वास्तू लागतेच असं नाही. महाराष्ट्रात तालुक्याच्या गावीही आज अभिवाचनाचे गट आहेत, दोन खुर्च्या आणि एक दिवा एवढ्यावर ते प्रयोग करतात. २७ जानेवारी हा स्मृतिदिन संयुक्त राष्ट्रांनी २००५च्या ठरावाने मुक्रर केला. तो आपल्या प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्याच दिवशी येतो, शाळा भरलेल्या असतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी अ‍ॅन फ्रँकची मराठी डायरी सोयीची. ती लिहायला लागली तेव्हा त्यांच्याच वयाची होती, आणि निवडक नोंदी पाच-सहा मुलांत वाटून देता येतात. ‘नाइट’ थोरांसाठी ठेवावं, चार तास काढता येतील अशा सुट्टीच्या दिवशी. चार तास जमणार नसतील तर निदान मोशेचं प्रकरण घ्यावं. ते एका बैठकीत संपतं आणि गाव त्याचं का ऐकत नाही यावर बोलायला वेळही उरतो.